गायगर काउंटरची सुरक्षित तपासणी: घरी काय करावे आणि प्रयोगशाळेवर काय सोपवावे

किरणोत्सर्ग मोजणारा, हातात मावणारा गायगर काउंटर आता ऑनलाइन मागवता येतो, आणि शाळेच्या विज्ञान मंडळात, कुपवाडच्या औद्योगिक वसाहतीजवळच्या भंगाराच्या वखारीत किंवा एखाद्या हौशी अभियंत्याच्या टेबलावर तो दिसला तर नवल वाटण्याचे कारण नाही. उपकरण सुरू केल्यावर तासाला ०.११ मायक्रोसिव्हर्ट (शरीराला मिळणाऱ्या किरणोत्सर्गाच्या मात्रेचे एकक) असा काहीतरी आकडा येतो, आणि तो खरा की खोटा हे ठरवण्यासाठी अनेकांच्या मनात पहिला विचार येतो तो एखादी ‘कडक’ किरणोत्सर्गी वस्तू मिळवण्याचा. हा विचार तिथेच सोडून द्यावा. उपकरण जिवंत आहे का, स्थिर आहे का आणि गेल्या महिन्यात चालत होते तसेच आज चालते का, एवढे घरी खात्रीने तपासता येते आणि त्यासाठी कृषी सेवा केंद्रात मिळणारे पोटॅश पुरते. मायक्रोसिव्हर्टचा आकडा प्रमाणित करणे, म्हणजे कॅलिब्रेशन, हे काम मात्र ज्ञात तीव्रतेच्या स्रोतासमोर, परवाना असलेल्या प्रयोगशाळेतच होते. ते घरी होत नाही आणि करून पाहूही नये.

असे का, हे समजण्यासाठी उपकरण नेमके काय मोजते ते पाहावे. हान्स गायगर आणि वॉल्थर म्युलर यांनी १९२८ मध्ये जी नळी सिद्ध केली, तिच्यात कमी दाबाचा वायू आणि मधोमध एक तार असते. तारेवर साधारण ४०० व्होल्टचा विद्युतदाब असतो. एखादा बीटा कण किंवा गॅमा किरण (किरणोत्सर्गाचे दोन प्रकार) नळीत आयनीभवन घडवून आणतो, म्हणजे वायूच्या अणूंतून इलेक्ट्रॉन सुटे करतो, तेव्हा विजेचा एक ठोका मिळतो, आणि तो कण कमी ऊर्जेचा असो की जास्त, ठोका सारखाच असतो. म्हणजे नळीला फक्त मोजता येते, तोलता येत नाही. मिनिटाला किती ठोके पडले, म्हणजेच सीपीएम, हा तिचा खरा आकडा. मायक्रोसिव्हर्ट हे त्या आकड्याला एका ठरावीक गुणकाने गुणून काढलेले असतात. हौशी उपकरणांत पुष्कळदा आढळणाऱ्या एसबीएम-२० या नळीसाठी ०.००५७ हा गुणक सर्रास वापरला जातो, त्यामुळे २० सीपीएमचे सुमारे ०.११ होतात. हा गुणक एका विशिष्ट ऊर्जेच्या गॅमा किरणांपुरता जवळपास खरा असतो. ऊर्जा बदलली, बीटा कण मिसळले किंवा उत्पादकाने नळी बदलून सॉफ्टवेअर जुनेच ठेवले, की गुणक चुकतो आणि पडद्यावरचा दोन दशांश स्थळांचा आकडा मात्र तेवढ्याच आत्मविश्वासाने उभा असतो. म्हणून घरच्या सर्व नोंदी सीपीएममध्येच ठेवाव्यात.

तपासणीपूर्वी उपकरणाकडे नीट पाहून घ्यावे. सेल नवे किंवा पूर्ण चार्ज केलेले असावेत, कारण सेल उतरला की काही स्वस्त मंडलांत (सर्किटमध्ये) नळीचा विद्युतदाब खाली येतो आणि मोजणी गुपचूप घटते. उघड्या मंडलाचे किट असेल तर ते चालू असताना हात लावू नये. प्रवाह अगदी थोडा असला तरी ४०० व्होल्टचा झटका हात दचकवतो आणि त्या दचक्यात काचेची नळी फुटते. हा दाब साध्या मल्टिमीटरने मोजण्यातही अर्थ नाही, कारण मल्टिमीटरचा १० मेगाओहम अंतर्गत रोध या नाजूक पुरवठ्यावर भार टाकतो आणि दाब प्रत्यक्षापेक्षा बराच कमी दिसतो. त्यासाठी उच्च दाबाचा, गिगाओहम श्रेणीतील प्रोब लागतो. काचेच्या नळ्यांना उजेडाचाही त्रास होतो. थेट उन्हात त्या खोटे ठोके देतात, म्हणून नळी काळ्या चिकटपट्टीने किंवा काळ्या कागदाने झाकावी आणि झाकण्यापूर्वीची व नंतरची मोजणी एकदा ताडून पाहावी. मोबाइल फोन निदान मीटरभर दूर ठेवावा. साताऱ्याकडच्या पावसाळ्यात आणखी एक शत्रू असतो तो दमटपणाचा: मंडलावर ओल धरली की उच्च दाब गळतो आणि मोजणी उगाच वाढते किंवा पडते, त्यामुळे जून ते सप्टेंबर उपकरण सिलिका जेलच्या पुड्यांसह बंद डब्यात ठेवणे शहाणपणाचे ठरते.

यानंतर पार्श्वभूमीची, म्हणजे जवळ कोणताही स्रोत नसताना आसपास असणाऱ्या नैसर्गिक किरणोत्सर्गाची मोजणी. आपल्या पायाखाली दख्खनचा काळा कातळ आहे, आणि बेसाल्टमध्ये युरेनियम, थोरियम व पोटॅशियम यांचे प्रमाण ग्रॅनाइटच्या मानाने कमी असते. केरळच्या किनाऱ्यावर मोनाझाइट या थोरियमयुक्त खनिजाच्या वाळूमुळे जी नैसर्गिक पातळी दिसते ती सांगली-साताऱ्यात दिसणार नाही, आणि इंटरनेटवरच्या एखाद्या परदेशी व्हिडिओतील आकडा तर आपल्या तुलनेसाठी मुळीच उपयोगाचा नाही. एवढेच काय, एकाच घरातील दोन जागाही सारख्या नसतात: स्वयंपाकघराचा ओटा कर्नाटकातून आलेल्या ग्रॅनाइटचा असेल तर त्याच्यावर ठेवलेले उपकरण अंगणातल्या काळ्या दगडावरच्या मोजणीपेक्षा जास्त ठोके देऊ शकते, आणि यात उपकरणाचा काही दोष नसतो. म्हणून एक जागा ठरवावी, लाकडी टेबल उत्तम, त्यावर पेन्सिलने उपकरणाची चौकट आखावी आणि पुढची प्रत्येक मोजणी त्याच चौकटीत करावी. काही हौशी मंडळी यवतेश्वर घाट चढून कासला जातात आणि उंचीमुळे वैश्विक किरण वाढलेले दिसले असे सांगतात. उंचीबरोबर वैश्विक किरणांचा वाटा वाढतो हे खरे आहे, पण तिथे पायाखालचा दगडही बदलून जांभा झालेला असतो. दोन कारणांचा परिणाम एकाच आकड्यात मिसळतो, त्यामुळे उपकरणाच्या तपासणीसाठी ही सहल उपयोगी नाही.

मोजणी किती वेळ करावी, हा प्रश्न बहुतेक जण विचारतच नाहीत, आणि सर्वाधिक गैरसमज तिथेच होतात. किरणोत्सर्गी विघटन यदृच्छेने होते. म्हणून एका मिनिटात २० ठोके पडले आणि पुढच्या मिनिटात १४ किंवा २७ पडले तर काहीही बिघडलेले नसते. एकूण ठोक्यांचे वर्गमूळ ही त्या मोजणीतील अनिश्चितता असते. १०० ठोक्यांवर ती १० म्हणजे १० टक्के, आणि १०,००० ठोक्यांवर १०० म्हणजे केवळ १ टक्का. मिनिटाला २० ठोके मिळत असतील तर दहा टक्क्यांच्या खात्रीसाठी पाच मिनिटे पुरतात, पण एका टक्क्यासाठी आठ तासांहून अधिक वेळ लागतो. पडद्यावर दर सेकंदाला हलणारा आकडा पाहून काढलेला निष्कर्ष म्हणून फारसा विश्वासार्ह नसतो.

याच नियमाचा उपयोग उपकरणाची परीक्षा घेण्यासाठी करता येतो. ठरलेल्या जागी एकेका मिनिटाच्या वीस मोजण्या ओळीने लिहून काढाव्यात, त्यांची सरासरी काढावी आणि त्या आकड्यांतील प्रमाण विचलन (आकडे सरासरीभोवती किती विखुरले आहेत याचे माप) सरासरीच्या वर्गमुळाच्या जवळपास येते का ते पाहावे. सरासरी २० असेल तर विचलन साडेचारच्या आसपास यावे, आणि वीसपैकी साधारण दोनतृतीयांश मोजण्या १६ ते २४ च्या दरम्यान पडाव्यात. विचलन त्याच्या दुपटीने असेल तर कुठेतरी विद्युत गोंगाट, ओल किंवा सैल जोडणी आहे असे समजावे. उलट आकडे फारच गुळगुळीत, सगळे १९ ते २१ मध्येच येत असतील, तर तेही संशयास्पद आहे. अशा वेळी सॉफ्टवेअर आतल्या आत सरासरी काढून दाखवत असते किंवा नळीऐवजी मंडलाचाच ठराविक ठोका मोजला जात असतो. ही परीक्षा फुकट आहे, तिला कोणताही स्रोत लागत नाही, आणि तरीही फार थोडे लोक ती करतात.

आता पोटॅश. सांगलीत ऊस, हळद आणि द्राक्षे आहेत तोवर पोटॅशची उणीव पडणार नाही. उसाला टाकले जाणारे म्युरिएट ऑफ पोटॅश म्हणजे ०-०-६० हे खत मुख्यतः पोटॅशियम क्लोराइड असते. नैसर्गिक पोटॅशियममध्ये सुमारे ०.०११७ टक्के पोटॅशियम-४० असते, त्याचा अर्धायुष्यकाल (निम्मे अणू विघटित होण्यास लागणारा काळ) सुमारे १२५ कोटी वर्षे आहे, आणि त्यामुळे एक ग्रॅम पोटॅशियममध्ये दर सेकंदाला सुमारे ३१ विघटने होतात. हिशेब केला तर एक किलो खताची किरणोत्सर्गिता सुमारे १५,००० बेकरेल, म्हणजे सेकंदाला तेवढी विघटने, भरते. आकडा मोठा वाटला तरी घाबरण्यासारखे काही नाही. प्रौढ माणसाच्या स्वतःच्या शरीरातील पोटॅशियमची किरणोत्सर्गिताच चार हजार बेकरेलच्या आसपास असते. द्राक्षबागेत ठिबकातून सोडतात ते ०-०-५० ही चालते, फक्त त्यात पोटॅशियम थोडे कमी असते. अर्धायुष्यकाल एवढा प्रचंड असल्यामुळे हा स्रोत आपल्या हयातीत कमी होणार नाही, आणि तपासणीच्या स्रोतात नेमका हाच गुण हवा असतो. केळ्याची गोष्ट मात्र गप्पांपुरतीच ठेवावी. एका केळ्याने साध्या गायगर काउंटरवर काहीही दिसत नाही.

पोटॅशचा संच असा करावा. विजेच्या फिटिंगच्या दुकानात मिळणारी पीव्हीसीची चौकोनी उथळ पेटी घ्यावी, तिच्यात कोरडे पोटॅश निदान एक सेंटिमीटर जाडीचा थर होईल असे भरून पट्टीने सपाट करावे, आणि तोंडावर पातळ पॉलिथीन ताणून चारही कडा चिकटपट्टीने बंद कराव्यात. जाडीचा आग्रह सकारण आहे. पोटॅशियम-४० च्या शंभर विघटनांपैकी सुमारे ८९ मध्ये बीटा कण बाहेर पडतो, आणि खालच्या थरांतून निघालेले बीटा कण वरच्या थरांतच शोषले जातात. त्यामुळे सेंटिमीटरभर थरानंतर आणखी पोटॅश घातले तरी बीटा मोजणी वाढत नाही, आणि भरताना थोडे कमी-जास्त झाले तरी निकाल बदलत नाही. पॉलिथीन पातळच हवे, कारण जाड झाकण हे बीटा कण अडवते. साताऱ्यात कंदी पेढ्यांचे रिकामे डबे प्रत्येक घरात हाताशी असतात आणि आकारानेही ते सोयीचे असतात, पण खाद्यपदार्थाचा डबा या कामासाठी अजिबात वापरू नये; पांढरे पोटॅश मिठासारखे दिसते आणि ते पोटात जाणे किरणोत्सर्गामुळे नव्हे तर पोटॅशियममुळेच धोक्याचे आहे. पेटीवर ‘तपासणीसाठी पोटॅश, खाऊ नये’ असे ठळक लिहावे, मुलांच्या हाती लागणार नाही अशा जागी ती ठेवावी आणि हाताळल्यावर हात धुवावेत. पोटॅश ओल धरते, म्हणून पेटीसुद्धा सिलिका जेलसोबतच ठेवावी.

मोजणी करताना आधी पेटीशिवाय तीस मिनिटे, मग उपकरण त्याच चौकटीत ठेवून, नळीची बाजू पॉलिथीनला टेकवून तीस मिनिटे मोजावे. समजा पहिल्या वेळी ६०० आणि दुसऱ्या वेळी १,०५० ठोके पडले. मिनिटाला २० आणि ३५, म्हणजे पोटॅशमुळे आलेली निव्वळ वाढ १५. तिची अनिश्चितता काढण्यासाठी दोन्ही एकूण ठोक्यांची बेरीज, १,६५०, हिचे वर्गमूळ घेऊन तीसने भागावे. उत्तर सुमारे १.४ येते. तेव्हा आपला आकडा १५, अधिक-उणे १.४. वाढ प्रत्येक उपकरणावर वेगळी येईल, कारण नळीची भिंत आणि बाहेरच्या प्लॅस्टिकची जाडी वेगवेगळी असते. आपल्याला दुसऱ्याच्या उपकरणाशी बरोबरी करायचीच नाही. हीच मोजणी वेगवेगळ्या दिवशी पाच-सहा वेळा करून सरासरी निश्चित करावी आणि पुढे दर महिन्याला एकदा ताडून पाहावी. सरासरीपासून अनिश्चिततेच्या दुपटीपर्यंतचा फरक चालवून घ्यावा, तिपटीच्या पुढे गेला तर सेल बदलून पुन्हा मोजावे, आणि तरीही तसाच राहिला तर उपकरणावर विसंबू नये. वहीत तारीख, वेळ, सेलची स्थिती, पाऊसपाणी आणि दोन्ही कच्चे आकडे लिहावेत.

एक पूरक चाचणी फॅब्रिकेशनच्या दुकानातून आणलेल्या तीन मिलिमीटर जाडीच्या ॲल्युमिनियमच्या तुकड्याने करता येते. तो पेटी आणि नळी यांच्यामध्ये सरकवला की पोटॅशचे बीटा कण अडतात आणि मोजणी पार्श्वभूमीच्या जवळ यायला हवी. जी थोडी वाढ उरते ती गॅमा किरणांची. पत्रा घातल्यावरही मोजणी खाली आलीच नाही, तर आधीची वाढ पोटॅशची नव्हती, हाताच्या स्पर्शाने किंवा हालचालीने मंडलात उठलेल्या गोंगाटाची होती. पावसाळ्यात दुसरी एक सुंदर चाचणी आयती मिळते. जोराची सर येऊन गेल्यावर लगेच मोटारीच्या बॉनेटवरचे पाणी कागदी रुमालाने पुसून घ्यावे आणि तो रुमाल पातळ पिशवीत घालून नळीला टेकवावा. हवेतील रेडॉनपासून तयार झालेले शिसे-२१४ आणि बिस्मथ-२१४ पावसाने खाली धुतले जातात. त्यांचे अर्धायुष्यकाल अनुक्रमे सुमारे २७ आणि २० मिनिटे असल्याने वाढलेली मोजणी साधारण अर्ध्या तासात निम्मी होते आणि दोन-तीन तासांत दिसेनाशी होते. दर दहा मिनिटांची मोजणी आलेख कागदावर मांडली तर ती उतरती रेषा पाहून उपकरण खरोखर किरणोत्सर्गच मोजते आहे याविषयी शंका उरत नाही. पाऊस पडत असताना पार्श्वभूमीही याच कारणाने वर चढते, म्हणून मासिक मोजणी कोरड्या दिवशी करावी.

काय वापरू नये, हे अधिक निक्षून सांगायला हवे. पेट्रोमॅक्सच्या जुन्या जाळीत थोरियम असते आणि काउंटर तिच्याजवळ नेला की झपाट्याने वाजू लागतो. पण ती जाळी जळल्यावर राखेसारखी भुरभुरते आणि तिचा कण श्वासातून आत गेला तर फुप्फुसात राहतो. सीलबंद, न वापरलेली जाळी पिशवीतून न काढता दाखवणे वेगळे आणि ती हाताळणे वेगळे. टिग वेल्डिंगच्या लाल टोकाच्या थोरियमयुक्त सळयांचेही तेच: सळई जवळ ठेवून मोजण्यात धोका नाही, तिला ग्राइंडरवर घासून उडणारी धूळ हा धोका आहे. रेडियमचा रंग लावलेले जुने घड्याळ उघडू नये, आयनीभवन प्रकारचा धूरसूचक खोलू नये, आणि भंगारातून आलेली, शिशाचे वजनदार आवरण असलेली कोणतीही वस्तू ‘स्रोत म्हणून उपयोगी पडेल’ अशा विचाराने घरी आणू नये. २०१० च्या एप्रिलमध्ये दिल्लीच्या मायापुरी भंगार बाजारात एका विद्यापीठाने लिलावात विकलेल्या जुन्या उपकरणातील कोबाल्ट-६० उघडे पडले, अनेक जण भाजले आणि एकाचा जीव गेला. त्या लोकांना आपण काय कापतो आहोत याची कल्पना नव्हती. हातात काउंटर असलेल्याने तरी मुद्दाम त्या वाटेला जाऊ नये.

उपकरण तपासून ठेवलेले असेल तर खरा इशारा ओळखता येतो. मोजणी अचानक कित्येक पटींनी वाढली तर आधी मागे सरकावे. अंतर दुप्पट केले की लहान स्रोताची तीव्रता चौथाईवर येते, आणि मागे सरकल्यावर आकडा उतरला तर स्रोत खरा आहे. आपत्ती-प्रतिसादाच्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शनात तासाला १०० मायक्रोसिव्हर्ट ही आतल्या वेढ्याची, म्हणजे लोकांना जाऊ न देण्याच्या क्षेत्राची, सीमा मानतात, पण सामान्य माणसाने त्या आकड्याची वाट पाहण्याचे कारण नाही. वस्तूला हात न लावता इतरांना दूर ठेवावे आणि ११२ वर कळवावे. एक गोष्ट विशेष ध्यानात ठेवावी: फार तीव्र क्षेत्रात गायगर नळीला दोन ठोक्यांमध्ये सावरायला वेळ मिळत नाही आणि काही उपकरणांचा आकडा वाढण्याऐवजी शून्यावर येतो. आकडा भराभर चढून एकाएकी शून्य झाला, तर ते बिघाडाचे लक्षण न मानता धोक्याचे मानून बाहेर पडावे. याउलट मिरजेसारख्या दवाखान्यांच्या गावात एसटीत किंवा हॉटेलात काउंटर थोडा वेळ तडतडला तर शेजारी न्यूक्लिअर मेडिसिनची तपासणी करून आलेला रुग्ण बसलेला असण्याची शक्यता मोठी असते. स्कॅनसाठी दिल्या जाणाऱ्या टेक्नेशियम-९९एम चा अर्धायुष्यकाल सहा तासांचा आहे. अशा माणसाकडे उपकरण रोखून पाहणे हा शुद्ध अशिष्टपणा होय.

ज्यांना आकडा कामासाठी हवा आहे, म्हणजे भंगार तपासणारी फाउंड्री, एक्स-रे केंद्र किंवा अशी कोणतीही संस्था, त्यांना प्रयोगशाळेत कॅलिब्रेशन करून घेण्यावाचून पर्याय नाही. भारतात किरणोत्सर्गाची राष्ट्रीय मानके मुंबईच्या भाभा अणुसंशोधन केंद्रात सांभाळली जातात आणि किरणोत्सर्गी स्रोतांच्या वापरावर अणुऊर्जा नियामक मंडळाचे, एईआरबीचे, नियंत्रण असते. प्रयोगशाळा मान्यताप्राप्त आहे का आणि तिची मोजमापे राष्ट्रीय मानकांशी जोडलेली आहेत का, हे उपकरण पाठवण्यापूर्वीच विचारून घ्यावे. तिथे उपकरण बहुधा सिझियम-१३७ च्या, ६६२ किलोइलेक्ट्रॉनव्होल्ट ऊर्जेच्या गॅमा शलाकेसमोर वेगवेगळ्या अंतरांवर ठेवून प्रत्येक श्रेणीत तपासले जाते, आणि प्रमाणपत्रावर कॅलिब्रेशन गुणक व त्याची अनिश्चितता लिहून मिळते. गुणक ०.९ असेल तर पडद्यावरच्या १० चे खरे मूल्य ९. हा गुणक त्या ऊर्जेपुरता आहे हे विसरू नये. ऊर्जा-भरपाई (वेगवेगळ्या ऊर्जेच्या किरणांना सारखा प्रतिसाद मिळावा अशी सोय) नसलेली गायगर नळी निदानाच्या एक्स-रेसारख्या कमी ऊर्जेला प्रत्यक्षाच्या कित्येक पट आकडा दाखवते, शिवाय एक्स-रेचा झोत क्षणभराचाच असल्याने तिची मोजणीही नीट होत नाही. एक्स-रे खोलीच्या भिंतींची तपासणी अशा उपकरणाने करून दवाखान्याशी वाद घालणे म्हणून योग्य नाही. त्यासाठी आयनीभवन कक्षाचे मीटर आणि अधिकृत तपासनीस लागतो.

उपकरण पाठवण्याच्या आदल्या दिवशी पोटॅशची मोजणी करून ठेवावी, सेल काढून ते गादीदार खोक्यात बांधावे आणि सोबत पोटॅशची पेटी किंवा कोणताही स्रोत घालू नये. परत आल्यावर प्रमाणपत्र फाइलला लावण्याआधी तीच तीस मिनिटांची मोजणी पुन्हा करावी. दोन आकडे अनिश्चिततेत बसले, तर गुणक आणि प्रमाणपत्राची मुदत लहान चिठ्ठीवर लिहून ती उपकरणाच्या पाठीवर चिकटवावी. बसले नाहीत, तर वाटेत नळीला धक्का लागलेला असू शकतो किंवा प्रयोगशाळेत दाबाची जुळणी बदललेली असू शकते. दोन्ही कच्चे आकडे प्रयोगशाळेला कळवून खुलासा येईपर्यंत उपकरण कामाला लावू नये.